कोणत्या गांवचा शेर?

आमच्या पणज्यांच्या काळीं शेर हें माप सर्वत्र एक नव्हतें. बंगाली शेर 80 तोळ्यांचा, तर मुंबईचा जुना शेर अवघ्या 28 तोळ्यांचा. शेरभर तूप आणलें असें कोणी म्हटलें, तर ‘कोणत्या गांवचा शेर?’ असें विचारल्यावांचून त्या बोलण्यास अर्थ येत नसे. 1956 च्या कायद्यानें देशभर दशमान मापें आलीं व तो घोळ मिटला. परंतु ज्या मातींतून आपलें अन्न येतें, तिच्या परीक्षेंतला घोळ मात्र अद्यापि पुरता मिटलेला नाहीं.

मातींत एकंदर स्फुरद किती, हें कळून शेतकऱ्यास फारसा लाभ नाहीं. पिकाच्या मुळांस त्यांतील किती मिळेल, हें त्यास हवें असतें. म्हणून रसायनज्ञ एखाद्या द्रावांत माती हालवून जें सुटून येईल तें मोजतो. द्राव बदलला कीं आंकडाही बदलतो. ब्रे व कुर्ट्झ यांचा 1945 सालचा द्राव आम्लयुक्त असून तो कोंकणांतील जांभ्याच्या आम्ल मातीस योग्य. तोच देशावरील चुनखडीच्या काळ्या मातींत घातला, तर चुना त्यांतील आम्ल मारून टाकतो, आणि स्फुरद असूनही कमी दिसतो. अशा मातीकरितां ओल्सेन यांची 1954 ची, सोडियम बायकार्बोनेटची, रीत वापरावी लागते. तेव्हां सर्व मातींस एकच द्राव लावणें म्हणजे प्रमाणीकरण नव्हे. कोणत्या मातीस कोणती रीत, तें ठरविणें, ती सर्वत्र सारखीच पाळणें व आंकड्याशेजारीं तिचें नांव लिहिणें, हें खरें प्रमाणीकरण होय.

हें आतांच निकडीचें कां झालें? शेताच्या लहान लहान तुकड्यांस निरनिराळी खतमात्रा देणारीं यंत्रें निघालीं आहेत. यंत्र आज्ञाधारक खरें, पण शंका घेणें त्यास ठाऊक नाहीं. एका शेताच्या दोन भागांची परीक्षा दोन रीतींनीं झाली, तर मातींत नसलेला भेद नकाशांत उमटतो. मग एकीकडे खत वायां जातें, तर दुसरीकडे पीक उपाशी राहतें.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या पुढाकारानें 2017 सालीं जगांतील माती-प्रयोगशाळांचें एक जाळें याच हेतूनें स्थापन झालें. एकच माती अनेक प्रयोगशाळांस पाठवून उत्तरें ताडून पाहणें, ही अशा कामांतील मुख्य कसोटी. आपल्या देशांत 19 फेब्रुवारी 2015 रोजीं मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तींत 12 गुणांची नोंद असते. मात्र आरंभींच्या नियमाप्रमाणें जिरायतींत 10 हेक्टरांस एकच नमुना घेतला जाई. म्हणजे नमुना एक आणि शेतें अनेकांची!

आणि नमुनाच चुकला तर उत्तम प्रयोगशाळाही काय करणार? ज्या कुटुंबांची गांवीं वडिलार्जित जमीन आहे, त्यांनीं एवढें तरी पाहावें: बांध, झाडाची सावली व उकिरडा टाळून दहापंधरा ठिकाणीं इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा व त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून काढावी. ती एकत्र करून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकावे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेंच करावें. जस्ताची परीक्षा करावयाची असल्यास जस्ताच्या बादलींत माती कालवूं नये. मग माती सावलींत वाळवून कापडी पिशवींत भरावी.

आणि उत्तर हातीं येतांच खताच्या दुकानाकडे धांवण्यापूर्वीं पणजीचाच प्रश्न विचारावा: हा शेर कोणत्या गांवचा?