समुद्राच्या कुंपणाआडची रत्नागिरी

जिंतूर तालुक्यातल्या बोरीहून सुट्टीत कोकणात निघालेली गाडी सोलापूर, कोल्हापूर मागे टाकून आंबा घाट उतरते ती बहुधा थेट गणपतीपुळ्याला जाते. रत्नागिरी शहर बाजूलाच राहतं. फार तर आरे-वारेच्या वळणांवर थांबून, एका हाताला डोंगर आणि खाली पांढरी वाळू असे फोटो काढले जातात. पण हा किनारा ज्या गुणामुळे आज आपल्याला ओढतो, त्याच गुणामुळे इंग्रजांनी इथे माणसं अडकवून ठेवली. पाठीशी सह्याद्री, पुढे समुद्र. रेल्वे नाही, मुंबईशी मुख्य दळणवळण आगबोटीचं, आणि पावसाळ्यात तेही बंद. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला 1998 साल उजाडावं लागलं. मधल्या काळात किनारा मोकळा आणि हिरवा राहिला, त्यामागे हेच तुटलेपण आहे. म्हणून या रस्त्यावरची निसर्गस्थळं आणि बंदिवासाच्या जागा वेगवेगळ्या सहलींत वाटू नयेत, असं माझं मत आहे.

सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे थिबा राजवाडा. 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेच्या गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी मद्रासमार्गे रत्नागिरीला आणलं. हा राजवाडा बांधून झाला 1910 च्या सुमारास, म्हणजे राजाची वीसहून अधिक वर्षं इथे आधीच सरली होती. तांबडा जांभा, उतरती छपरं, कोरीव लाकडाच्या अर्धगोल खिडक्या, आणि त्यापलीकडे भाट्याची खाडी नि समुद्र. ज्या दिशेला आपण ‘व्ह्यू’ म्हणून पाहतो, तिकडेच तो डिसेंबर 1916 मध्ये मरेपर्यंत पाहत राहिला. समाधीही रत्नागिरीतच आहे. यावर कुणी म्हणेल, नोकरचाकर, तनखा आणि एवढा वाडा असताना ही कसली कैद? आक्षेप वरवर पटतो. पण खटला नाही, शिक्षेची मुदत नाही आणि परतीची वाट नाही, अशी तीस वर्षं तुरुंगातल्या ठरावीक मुदतीपेक्षा हलकी कशी म्हणायची? त्याची धाकटी मुलगी तर जन्मलीच रत्नागिरीत, वडिलांच्या बंदिवासात.

आता याची उलट बाजू पाहा. 1856 साली याच रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवलं कुठे, तर मंडालेला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत, दोघेही एकाच वेळी बंदी! माणूस जिथे वजनदार, तिथून त्याला उचलायचं आणि समुद्रापलीकडे जिथे त्याची भाषा कुणाला कळत नाही तिथे नेऊन ठेवायचं, ही रीत इतकी स्पष्ट फार थोड्या गावांत दिसते. टिळकांचं जन्मस्थान आणि थिबाचा वाडा एकाच दिवशी पाहिले, तरच ती ध्यानात येते. सावरकर 1921 मध्ये अंदमानातून परतल्यावर रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांची कोठडी आजही जपलेली आहे. 1924 साली सुटका झाली ती जिल्हा न सोडण्याच्या आणि राजकारणापासून दूर राहण्याच्या अटींवर, आणि ते निर्बंध 1937 पर्यंत टिकले. त्यांच्या विचारांबद्दल मतभेद असतील ते असोत. अख्खा जिल्हाच कोठडीसारखा वापरता येतो हे त्यातून कळतं.

सहलीला आलेल्या माणसाला तुरुंग कशाला दाखवायचे, मुलं हिरमुसतील, हा आक्षेप मला पटत नाही. मराठवाड्यातून आलेल्या मुलासाठी समुद्र हीच मोठी नवलाई असते, आणि ती तशीच राहावी. मात्र भाट्याच्या सुरूबनात खेळून झाल्यावर त्याला वर राजवाड्यात न्यावं, थिबाची गोष्ट सांगावी आणि मग आरे-वारेच्या रस्त्याला लागावं. त्यासाठी बेतात अर्धा दिवस वाढवावा लागेल, आणि निवळी फाट्यावरून थेट पुळ्याला वळण्याऐवजी गाडी आधी रत्नागिरी शहरात घालावी लागेल.