मोदक : पोटातल्या रेघेवर वाचायचं अक्षर

नुसती कड रेखून आत मोकळं सोडलेलं अक्षर आपल्याला नवं नाही. पाट्या रंगवणारे आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करणारे ते पूर्वापार हातानेच काढत आले. ‘मोदक’ हा देवनागरी फॉन्ट त्याच घराण्यातला, पण अगदी उलट चालीचा. इथे बाहेर सगळा गच्च रंग आणि रेघ अक्षराच्या पोटात.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटातल्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्याची देवनागरी अक्षरं घडवली. रोमन अक्षरं नूपुर दात्ये यांची. सुरुवात हातानं काढलेल्या रेखाटनांपासून झाली. ओळख न गमावता देवनागरी अक्षर किती लठ्ठ होऊ शकतं, हे त्यांना बघायचं होतं. नाव त्याला शोभतंच.

रोमन लिपीत हा खेळ त्या मानाने सोपा. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार दाटीवाटीने बसलेले, खाली उकार. फुगायला जागा फार तर आडवी. शिवाय अक्षर जाड होताना आधी बुजते ती आतली पोकळी, आणि नेमकी ओळख तिथेच असते. ‘व’च्या पोटात रेघ आली की ‘ब’, ‘प’च्या पोटात आली की ‘ष’. ‘घ’ आणि ‘ध’ डोक्यावरून ओळखायचे, ‘म’ आणि ‘भ’ही तसेच. एवढे बारीक फरक सांभाळून अक्षर फुगवायचं म्हणजे कठीणच.

मोदकमध्ये पोकळी आक्रसते, पण संपत नाही. तिची बारीक, लहरी पांढरी रेघ होते. एका अक्षरातल्या पोकळ्या एकमेकींत मिसळतात, आणि कुणी निब न उचलता एका दमात वळण काढावं तसं ते दिसतं. आपण काळं सोडून पांढरं वाचू लागतो! बोरूच्या तिरक्या कापामुळे येणारी जाड-बारीक चाल इथे उपयोगाची नाही. त्यामुळे एकदा काढलेला काना किंवा गाठ दुसऱ्या अक्षरात जशीच्या तशी बसवता येत नाही. प्रत्येक अक्षराची रेघ नव्याने शोधावी लागते. जोडाक्षरांत तर दोघांचा ऐवज एकाच पोटात मावला पाहिजे. माझ्या मते या फॉन्टची खरी कसोटी तिथे आहे, सुट्या ‘क’, ‘ख’मध्ये नाही.

हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. गूगल फॉन्ट्सवरून फुकट घ्यावा, व्यवसायात वापरावा, हवा तर बदलावा; नुसता फॉन्टच विकायला तेवढी मनाई. फुकट म्हटल्यावर लोक त्यात आख्खी निमंत्रणपत्रिका बसवतात, ते मात्र पाहवत नाही. लहान आकारात पांढरी रेघ पडद्यावर राखाडी होते, छपाईत शाईखाली मिटते आणि उरतात काळे गोळे. दोन-तीन शब्दांचं शीर्षक, बालनाट्याचं पोस्टर, मिठाईचा खोका ही त्याची जागा.

वजन एकच, तिरका अवतारही नाही. तरी कुणीतरी सवयीने ‘बोल्ड’चं बटण दाबतंच. वेगळं ठळक वजन नसल्यामुळे संगणक अक्षराच्या सगळ्या कडांवर, आतल्याही, रंगाचा आणखी एक थर चढवतो, आणि वाचायची रेघच बुजून जाते.