नॅशव्हिलची तालीम

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीची लोकस्मृती मुख्यतः मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स या दोन नावांभोवती उभी आहे, आणि ती खोटी नसली तरी अपुरी आहे. कारण १९६० नंतरच्या पाच वर्षांत या चळवळीला जी धार आली ती बऱ्याच अंशी विशीच्या आगेमागे असलेल्या विद्यार्थ्यांमुळे आली, आणि हे विद्यार्थी ज्येष्ठांच्या मागून मुकाट चालणारे नव्हते, तर प्रसंगी त्यांचा सल्ला डावलून पुढे गेलेले होते. टेनेसी राज्याची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरातील विद्यार्थ्यांचा इतिहास या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. त्यागाचे स्मरण नेमके कशाचे करायचे, सोसलेल्या माराचे की तो सोसण्यासाठी केलेल्या तयारीचे, हा प्रश्न त्या इतिहासातून आपोआप पुढे येतो.

गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना शाळा, बस, उपाहारगृहे आणि मतदान यांपासून दूर किंवा वेगळे ठेवणारी जी व्यवस्था उभी राहिली, तिला ‘जिम क्रो’ कायद्यांची व्यवस्था म्हणतात. नॅशव्हिलमध्ये फिस्क विद्यापीठ आणि मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या नामांकित शिक्षणसंस्था होत्या, आणि शहराला आपल्या सुसंस्कृतपणाचा अभिमानही होता. तरीही तेथील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय ग्राहकाचे पैसे कपड्यांसाठी चालत, मात्र त्याच दुकानातील ‘लंच काउंटर’वर, म्हणजे उंच स्टुलांवर बसून खाण्याच्या फळीवर, त्याला कॉफीचा पेलाही मिळत नसे.

या विद्यार्थ्यांना घडवणारा माणूस नागपूरहून आलेला होता, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. जेम्स लॉसन हा मेथडिस्ट पंथाचा तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्ता कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करी भरती नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगून १९५३ मध्ये भारतात आला, आणि तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरातील हिस्लॉप कॉलेजमध्ये खेळांचा प्रशिक्षक म्हणून काम करता करता त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरी शहरातील बसबहिष्काराची बातमी त्याला तेथेच वर्तमानपत्रातून कळली. तो १९५६ मध्ये मायदेशी परतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली धर्मांतराचा महासोहळा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कारण नाही, परंतु एकाच शहराच्या एकाच वर्षात त्या दोन्ही बसतात, हे नोंदवण्याजोगे आहे. अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ने नाव घेतले, हा संबंध महाराष्ट्रात वारंवार सांगितला जातो, उलट दिशेने गेलेली ही देवघेव मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली.

लॉसनची १९५७ मध्ये किंग यांच्याशी भेट झाली, त्यांच्या आग्रहावरून तो दक्षिणेत आला आणि नॅशव्हिलमधील एका चर्चमध्ये त्याने अहिंसक प्रतिकाराच्या कार्यशाळा सुरू केल्या. फिस्कमध्ये शिकणारी शिकागोची डायान नॅश, धर्मोपदेशकाचे शिक्षण घेणारे जॉन लुइस, बर्नार्ड लाफायेट आणि जेम्स बेव्हल हे या कार्यशाळांचे विद्यार्थी. येथे व्याख्यानांइतकाच भर प्रत्यक्ष तालमीवर असे. काही विद्यार्थी गोऱ्या गुंडांच्या भूमिकेत शिरून समोरच्याला शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, स्टुलावरून खाली ओढत. आणि ज्याच्यावर हे सारे चाले त्याने हात न उगारता, नजर न चोरता बसून राहायचे असे. खाली पडल्यावर डोके कसे झाकायचे आणि शेजाऱ्यावर मार पडत असताना स्वतःचे शरीर आडवे घालून तो वाटून कसा घ्यायचा, याचाही सराव होई. अहिंसेकडे केवळ मनाचा सद्गुण म्हणून पाहणाऱ्यांना हा प्रकार कदाचित नाटकी वाटेल. परंतु संतापाच्या क्षणी शरीर मनाचे ऐकत नाही आणि म्हणून शरीरालाच आधी शिकवावे लागते, ही लॉसनची समज अतिशय व्यवहारी होती. पहिल्या सत्याग्रहापूर्वी १९५९ च्या अखेरीस दोन दुकानांत चाचपणीही झाली: विद्यार्थ्यांनी खाद्यपदार्थ मागितले, नकार ऐकला, त्याचे कारण विचारले आणि ते शांतपणे परतले.

नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातील काउंटरवर बसले आणि बैठ्या सत्याग्रहांची लाट उसळली. नॅशव्हिलचे विद्यार्थी १३ फेब्रुवारीला शंभराहून अधिक संख्येने उतरले, ते या पूर्वतयारीच्या बळावर. २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांना मारहाण झाली, आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्यांना पकडले; पण एक तुकडी गाडीत कोंडली जाताच दुसरी येऊन रिकाम्या स्टुलांवर बसत असे. न्यायालयाने ठोठावलेला दंड भरण्याऐवजी अनेकांनी तुरुंग पत्करला. दरम्यान कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार टाकल्यामुळे व्यापारी अडचणीत आले होते. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. लूबी दांपत्य बचावले, आणि त्याच दिवशी काही हजार लोक शब्दही न उच्चारता नगरपालिकेकडे चालत गेले. तेथे डायान नॅशने महापौर बेन वेस्ट यांना वर्णावरून माणसाला वेगळे वागवणे योग्य वाटते का, असा सरळ प्रश्न केला आणि वेस्ट यांनी सर्वांसमोर ते अयोग्य असल्याचे मान्य केले. १० मे रोजी शहरातील सहा काउंटर सर्वांना खुले झाले.

पुढच्या वर्षी या विद्यार्थ्यांच्या निग्रहाची अधिक कठोर परीक्षा झाली. आंतरराज्य बसप्रवासातील भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला असूनही तो चालूच होता, म्हणून मे १९६१ मध्ये ‘कोअर’ या संघटनेने कृष्णवर्णीय व गोऱ्या कार्यकर्त्यांचे एकत्र बसप्रवास, म्हणजे ‘फ्रीडम राइड’, सुरू केले. अ‍ॅलाबामात एक बस जाळण्यात आली, प्रवाशांना लोखंडी दांड्यांनी झोडपण्यात आले आणि संघटनेने प्रवास आवरता घेतला. हिंसेने चळवळ थांबवता येते असा समज एकदा रुजला की तो कायमचा रुजेल, असे म्हणत नॅशने नॅशव्हिलहून नवे प्रवासी पाठवले. माणसे मरतील असा इशारा सरकारच्या प्रतिनिधीने दिला, तेव्हा मुलांनी आदल्या रात्रीच मृत्युपत्रे करून ठेवली आहेत, असे तिने त्याला कळवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून आंतरराज्य बसस्थानकांवरील वर्णभेदाचे फलक उतरवण्याचा आदेश अमलात आला.

स्मारकांत सहसा न दिसणारी बाजू मतभेदांची आहे. ऑगस्ट १९६३ मधील वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात तेवीस वर्षांच्या जॉन लुइस यांच्या भाषणातील केनेडी सरकारवरची टीका ज्येष्ठांना इतकी खटकली की लिंकन स्मारकाच्या आवारातच ते भाषण सौम्य करून घ्यावे लागले. आज तोच मोर्चा एकमताचे प्रतीक म्हणून दाखवला जातो. विस्मृतीचे आणखी एक उदाहरण सेल्माच्या पुलाचे आहे. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर मतदान हक्कासाठी निघालेल्या मोर्चात पोलिसांच्या लाठीने लुइस यांची कवटी फुटली, हे दृश्य जगाने पाहिले आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. परंतु तो मोर्चा निघाला जिमी ली जॅक्सन या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या मृत्यूमुळे, ज्याला फेब्रुवारीत मॅरियन गावी राज्य पोलिसाने गोळी घातली होती. पुलाचे नाव सर्वांना ठाऊक असते, जॅक्सनचे क्वचितच. माँटगोमेरीत माया लिन यांनी घडवलेल्या आणि १९८९ मध्ये खुल्या झालेल्या नागरी हक्क स्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइटवर मात्र त्याचे नाव इतर हुतात्म्यांबरोबर कोरलेले आहे.

कोरलेल्या नावांपुढे मान लवते, परंतु त्यांतून काही करायला शिकता येत नाही. या दृष्टीने नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयातील नागरी हक्क दालन अधिक उपयुक्त म्हटले पाहिजे, कारण तेथे गोलाकार काउंटरभोवती स्टुले मांडून त्यावर सत्याग्रहींचे आचारनियम लिहिलेले आहेत. मारल्यास उलटून मारू नये, शिवीला शिवी देऊ नये, ताठ बसावे आणि तोंड काउंटरकडेच ठेवावे, असे ते साधे नियम आहेत. लुइस यांनी उतारवयात ‘मार्च’ ही तीन भागांची चित्रमय आत्मकथा काढली, तीही याच जाणिवेतून: किंग आणि माँटगोमेरीविषयी १९५७ साली निघालेले एक कॉमिक त्यांच्या तरुणपणी कार्यकर्त्यांत हातोहात फिरले होते.

संस्थांची स्मृती मात्र सावकाश जागी होते. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्च १९६० मध्ये लॉसनला काढून टाकले आणि २००६ मध्ये त्यालाच अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावले. टेनेसीच्या राज्य विद्यापीठाने फ्रीडम राइडमध्ये गेल्याबद्दल काढलेल्या विद्यार्थ्यांना २००८ मध्ये मानद पदव्या दिल्या. मार्च २०२३ मध्ये नॅशव्हिलच्या एका शाळेत गोळीबार होऊन तीन मुले आणि तीन प्रौढ मारले गेले, तेव्हा शस्त्रनियंत्रणासाठी विद्यार्थी विधिमंडळावर धडकले आणि त्यांच्या बाजूने सभागृहात घोषणा देणाऱ्या जस्टिन जोन्स व जस्टिन पिअर्सन या दोन तरुण कृष्णवर्णीय सदस्यांना एप्रिलमध्ये निष्कासित करण्यात आले. जोन्स फिस्कचेच पदवीधर. या वेळी मात्र दुरुस्तीला दशके लागली नाहीत: चार दिवसांतच नॅशव्हिलच्या नगर परिषदेने जोन्स यांना हंगामी सदस्य म्हणून परत पाठवले, आणि ऑगस्टमधील पोटनिवडणुकीत मतदारांनी ती जागा पुन्हा त्यांनाच दिली.