वाराणसीत फौजदारी सरकारी वकिलीचा आरंभ

वाराणसीच्या कचेरीत राज्याच्या वतीने फौजदारी खटला चालवणारा अभियोजक, म्हणजे सरकारी वकील, त्या पदावर दोन वाटांनी येतो. सत्र न्यायालयातील जिल्हा शासकीय अधिवक्त्याची नेमणूक सरकार काही वर्षे वकिली केलेल्यांतून करते. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने अशा सर्व वकिलांच्या नेमणुका एका परिपत्रकाने संपवल्या, तेव्हा श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी ठरवून रद्द केले, आणि या पदाचे सार्वजनिक स्वरूप त्यामुळे अधोरेखित झाले.

दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत मात्र सहायक अभियोजन अधिकारी काम पाहतो. बनारस हिंदू विद्यापीठातून नुकताच विधी पदवीधर झालेल्या तरुणाला हीच वाट जवळची, कारण तीत उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असते. मुख्य परीक्षेत फौजदारी व पुरावा कायद्यांच्या जोडीला हिंदीचीही प्रश्नपत्रिका असते, आणि ते योग्यच आहे, कारण तेथील साक्षीदार हिंदीत, पुष्कळदा भोजपुरीत बोलतो.

खरी कसोटी लागते ती साक्षीदार फितूर होतो, म्हणजे पोलिसांपुढे सांगितलेले न्यायालयात नाकारतो, तेव्हा. पोलिसांनी नोंदवलेल्या त्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो स्वतंत्र पुरावाही ठरत नाही. म्हणून नवख्या अभियोजकाला न्यायालयाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, जबाबातील नेमके वाक्य त्याला वाचून दाखवावे लागते आणि पुढे तपासी अधिकाऱ्याकडून ते सिद्ध करून घ्यावे लागते.