इंजिन गेलं? आधी कॉम्प्रेसर तपासा

वीस वर्षांपुढच्या ट्रकची फिटनेस फी २५ हजारांवर गेल्याची बातमी २०२५च्या नोव्हेंबरात आली, आणि एकेका गाडीवर घर चालवणाऱ्या मालकांमध्ये एकच हिशेब सुरू झाला. गाडी ठेवायची की भंगारात घालायची? फीवरून बरीच आदळआपट झाली, पण खरं सांगायचं तर हा निर्णय फीवर होत नाही. २५ हजार उसनेपासने करून उभे राहतात. इंजिनाने मान टाकली की मात्र मालक गार पडतो. खर्च लाखाच्या घरात, शिवाय गाडी जितके दिवस उभी तितके दिवस भाडं बुडीत आणि हप्ता चालू. मग गाडी दाराशी उभी राहते, येणारा-जाणारा बॉनेटमध्ये डोकावतो आणि कोणीतरी निकाल देऊन जातो, ‘इंजिन गेलं.’

माझं भांडण या निकालाशी आहे. तो फार लवकर दिला जातो, आणि बरोबर असला तरी अर्धाच असतो. कशामुळे गेलं, हे त्यात नसतं.

घरच्या घरी तपासण्याजोगी गाडी म्हणजे जुनी यांत्रिक पंपाची. उदाहरणार्थ टाटाची १६१३. तिचं ६९७ इंजिन म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोर, १२८चा स्ट्रोक, ५,६७५ सीसी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाची मापं नेमकी हीच, कारण घराणंच ते. टाटाच्या टेल्कोने डायम्लर-बेंझशी १९५४ साली करार केला, त्या नात्याची ही पुढची पिढी. सांगायचा मुद्दा एवढाच की हे इंजिन तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला डोळे मिटून उघडता येतं, सुटे भाग सगळीकडे मिळतात आणि त्याला काय होतंय हे विचारायला लॅपटॉप लागत नाही.

धुराचे रंग ट्रकवाल्यांना पाठ असतात, त्यात वेळ घालवत नाही. खरा घोळ होतो तो ‘बॅक कॉम्प्रेशन’वर. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथून फकफक धूर-वाफ येऊ लागली, की रिंगा आणि लायनर संपले असं धरून चालतात. त्यावर फुल इंजिनचं एस्टिमेट निघतं आणि मालक सोसायटीच्या दारात जाऊन उभा राहतो.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला काम करणारे एक वयस्कर मिस्त्री मात्र या झाकणावर अजिबात विश्वास ठेवत नाहीत. त्यांचा सगळा राग ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरवर. ‘आधी कॉम्प्रेसर सोडवा, मग बोला,’ एवढंच ते गाडी आणणाऱ्याला सांगतात आणि चहा मागवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा विक्षिप्तपणा वाटला होता. पण त्यामागचं कारण बिनतोड आहे. हा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, इंजिनाचंच ऑइल पितो आणि ते ऑइल परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये सोडतो. त्याच्या स्वतःच्या रिंगा झिजल्या की ब्रेकच्या टाकीत जायची हवा त्याच वाटेने खाली चेंबरमध्ये उतरते आणि वर झाकणातून बाहेर पडते. इंजिनाच्या रिंगा ठणठणीत असतात, पण बॅक मारतंय म्हणून बदनाम होतं ते इंजिनच.

ओळखायची रीत साधी आहे. टाकीतली हवा सोडून द्यायची, कॉम्प्रेसरपासून टाकीकडे जाणारा पाइप मोकळा करायचा आणि गाडी जागेवर चालू करायची. आता कॉम्प्रेसरला दाबायला काही उरत नाही. झाकणातली फकफक एकदम कमी झाली, तर चोर सापडला. ज्या गाड्यांत कॉम्प्रेसरच्या हेडला इंजिनाचंच पाणी फिरतं, तिथे दुसरी फसगत होते. त्याची गॅसकेट उडाली की हवा पाण्यात शिरते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि लोक इंजिनाचं हेड उतरवायला बसतात. टाकी भरून कॉम्प्रेसरने दम टाकला आणि बुडबुडे थांबले, तर हेडला हात लावायचं कारण नाही. टर्बोचं सीलही असाच चकवा देतं. आणि ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल कूलर प्रेशर देऊन तपासल्याशिवाय हेडकडे वळू नये, हे मिस्त्रींचं आणखी एक कलम.

कॉम्प्रेसर निर्दोष सुटला की मगच सिलिंडरची झडती. गाडी आयडलवर ठेवून नोझलच्या पाइपचं एकेक नट ढिलं करत जायचं. ज्या सिलिंडरचं नट ढिलं केल्यावर इंजिनाच्या आवाजात काही फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम सोडून बसलेला असतो. मग त्याची नोझल काढून कॉम्प्रेशन गेज लावायचं. आकडा किती आला यापेक्षा सहांमध्ये फरक किती, हे जास्त बोलकं.

हे नट ढिलं करणं कॉमन रेलच्या गाडीवर चुकूनही करू नये. तिथे डिझेलचा दाब दीड हजार बारच्या पुढे असतो आणि त्याची बारीक चिळकांडी कातडी फाडून आत शिरते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत तर सेन्सर, युरियाची टाकी, प्रत्येक इंजेक्टरचा वेगळा कोड. ती गाडी अंगणात उघडायच्या भानगडीत पडू नका.

इंजिन खरंच गेलेलं निघालं, तर हेड उतरवल्यावर घाईने सगळं धुऊन काढू नये. पुरावा तिथेच असतो. एकाच पिस्टनचं डोकं जळालेलं असेल तर नोझल गळत होती. शेजारशेजारचे दोन सिलिंडर गेले असतील तर मधली गॅसकेट. सहाही लायनर सारखेच झिजलेले आणि वरच्या कडेला नख अडकेल अशी पायरी पडलेली असेल, तर एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज बोटांनी चाचपून बघा. क्लँपजवळची एक बारीक चीर पुरते. उसाच्या फडातल्या आणि क्रशरवरच्या धुळीने असली किती इंजिनं खाल्ली असतील. बेअरिंगची वाटी उघडल्यावर राखाडी थर जाऊन तांबं दिसत असेल तर ऑइलची चौकशी करायची. कारण न शोधता नवं इंजिन बसवलं तर तेही त्याच होजमधून तीच धूळ खातं.

पुढे तीन वाटा. हाफ इंजिन, म्हणजे क्रँक जागेवर ठेवून हेड, लायनर-पिस्टन, रिंगा. फुल इंजिन, म्हणजे क्रँकही उतरवून ग्राइंडिंगला. नाहीतर जुन्या बाजारातलं आख्खं इंजिन आणून बसवणं. कोल्हापूरकरांना पहिल्या दोन वाटा सोप्या आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, त्यामुळे बोरिंग-ग्राइंडिंगची मशिनं हाकेच्या अंतरावर. तिसरी वाट स्वस्त दिसते आणि तीच सगळ्यांत निसरडी. मेरठच्या सोतीगंजची जुन्या भागांची बाजारपेठ पोलिसांनी २०२१च्या डिसेंबरात बंद पाडली, ती चोरीच्या गाड्यांच्या मालामुळेच. कुर्ल्याहून आणा की आणखी कुठून, पक्कं बिल आणि इंजिन नंबरचा माग हवाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते, आणि मंजुरीविना बदललं असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं. हा कागद टाळणारे फिटनेसच्या रांगेत पकडले जातात.

इंजिन उतरवताना कडुलिंबाच्या फांदीला चेन पुली अडकवायचा मोह आवरावा. सहा सिलिंडरचं इंजिन चारशे किलोंच्या वर भरतं. लोखंडी घोडी भाड्याने मिळते. पुढची जाळी, रेडिएटर, बंपर काढून इंजिन समोरून ओढायचं, त्याआधी गिअरबॉक्सला खालून टेकू द्यायचा. बसवताना खरी परीक्षा क्लचपाशी. जुना इनपुट शाफ्ट कापून त्याच्या मदतीने क्लच प्लेट मधोमध धरली नसेल, तर शेवटचं बोटभर अंतर मिटता मिटत नाही. अशा वेळी लोक बोल्ट लावून ओढून घेतात आणि प्लेटचा हब मोडतो. हाताने हलवून बसत नसेल तर पुन्हा मागे घ्यावं.

आता थोडं फीबद्दल, कारण राग तिथलाच आहे. फी नोंदणीचं साल बघते. इंजिन कालच बांधलंय का, हे कोणी विचारत नाही. बीएस-चारच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू आहे. नीट बांधलेलं, पंप कॅलिब्रेट केलेलं जुनं इंजिन त्यात सहज बसतं, आणि नोझलकडे दुर्लक्ष झालेली त्याहून नवी गाडी काळा धूर ओकत जाते. बीएस-दोनचं इंजिन कितीही निगुतीने बांधलं तरी ते बीएस-दोनच राहणार, शहराच्या हवेला त्याचा त्रास होणार, हे मान्य. पण मग तपासणी यंत्रावर होणार असेल तर फीही यंत्राच्या आकड्यावर ठरवा. आठ वर्षांपुढची व्यावसायिक गाडी तशीही दरवर्षी फिटनेसला येतेच.

पहिल्यांदा चालू करताना मिस्त्री डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारतात, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग लाइनमधली हवा काढायची आणि डिझेल सोडायचं. या वेळी एक माणूस फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा असतो. पंपाचा रॅक अडकून इंजिन बेफाम सुटलं तर ते चावीने बंद होत नाही, हवा तोडावी लागते. गरम झाल्यावर पाणी, ऑइल आणि गळती बघायची, काही फेऱ्यांनी हेडचे बोल्ट पुन्हा तपासायचे. पहिले हजारभर किलोमीटर अर्ध्या लोडवर. आणि कारखान्याची उसाची टोळी कितीही फोन करो, तोवर गाडी फडात पाठवायची नाही.