काढता येईल असं ठिगळ

पेशवाईतला मोडी कागद हाताळताना पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा चिवटपणा. घडीवर विरलेला असतो, कडा कसरीनं खाल्लेल्या असतात, पण मधला पोत अजून मऊ, उलगडताना न तुटणारा. त्याच टेबलावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची एखादी कचेरीची फाईल ठेवली तर तिचा कोपरा नुसत्या बोटाच्या धक्क्यानं गळून पडतो. दोहोंमधला थोरला कागद धडधाकट आणि धाकटा मरणपंथाला लागलेला, हे दृश्य दफ्तरखान्यात रोजचं आहे.

कारण कागदाच्या जन्मात आहे. आपल्याकडचा जुना कागद जुन्नरला व्हायचा, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात व्हायचा. चिंध्या, तागाचे जुने दोर चुन्याच्या पाण्यात कुजवायचे, कुटायचे, लगदा साच्यावर उचलायचा, वाळल्यावर खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. तंतू लांब राहायचे आणि चुन्याचा अंश कागदात मुरायचा. पुढं हवेतून आलेलं आम्ल तो अंश मारत राहिला. शाई काजळाची, बाभळीच्या डिंकात खललेली. काजळ म्हणजे कार्बन. त्याचा रंग उजेडानं उडत नाही आणि तो कागदालाही खात नाही. यंत्रावरच्या कागदाची गोष्ट उलटी. लाकडाचा लगदा, त्याला तुरटी आणि राळेची खळ; म्हणजे आम्ल आतूनच. वर मायफळ आणि हिराकशीची शाई. ती कागदात शिरते, गंजते, आणि काही पानांवर अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोकं उरतात.

पुण्यातल्या एका संग्रहाच्या दुरुस्तीखोलीत बसून मी हे काम पाहत आले आहे. खोलीत मोठं काचेचं टेबल, खालून दिवा, एका बाजूला हातदाब, टिपकागदाच्या थप्प्या, कुंचले, हाडाची पट्टी. इथं दुरुस्ती करणाऱ्या ताई बोलतात कमी आणि बोलतात तेव्हा बहुतेक कागदाबद्दलच.

त्या दिवशी टेबलावर आलेला बंद, म्हणजे मोडी पत्राचा एक ताव, कसरीनं खाल्लेला नव्हता, भिजलेला नव्हता. तो दुरुस्त केलेला होता. काही दशकांपूर्वी कुणीतरी त्याला दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि वर टिशू लावून पक्का केला होता. पिवळट झालेला, कडेला वळलेला, नाकाजवळ नेला तर आंबूस वास.

ही पद्धत कुणाच्या अडाणीपणातून आलेली नाही. सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा कागदावर चढवायची कल्पना अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी गरम दाबयंत्रानं रूढ केली. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राशिवाय तेच साधायची रीत निघाली: पापुद्रा आणि टिशू ठेवायचा आणि ॲसिटोनमध्ये भिजवलेला बोळा वरून फिरवायचा, की पापुद्रा विरघळून कागदात बसतो. वीज नको, महागडं यंत्र नको. देशभरच्या दफ्तरांना ती मोठी सोय वाटली आणि त्या काळात ते बरोबरच होतं. पण ॲसिटेट म्हणजे तेच प्लॅस्टिक ज्यावर जुने चित्रपट छापले जात. ते कुजलं की व्हिनेगरसारखा वास येतो आणि पट्टी आक्रसते. चित्रपट सांभाळणाऱ्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. कागदाच्या पाठीवरही तोच रोग.

ताईंनी आधी शाईची परीक्षा केली. एका कोपऱ्यातल्या नगण्य ठिपक्यावर पाण्याचा सूक्ष्म थेंब, वर टिपकागदाचा तुकडा. टिपकागदावर राखाडी छटा उतरली. डिंक पाण्यात सुटतो, त्याच्याबरोबर काजळही. म्हणजे हा कागद भिजवायचा नाही. मग दुसऱ्या ठिपक्यावर ॲसिटोन. टिपकागद कोरा. डिंकाला ॲसिटोन काही करत नाही.

खिडकी उघडली, पंखा बाहेरच्या दिशेनं लावला, तोंडाला मुखवटा. कागद उथळ थाळीत पॉलिएस्टरच्या जाळीवर ठेवला आणि ॲसिटोन ओतलं. बराच वेळ काही झालं नाही. मग टिशूच्या कडेला बारीक सुरकुती उठली. ताईंनी ती ओढली नाही. ओढायचा मोह मलाच झाला, इतकी ती सुटी दिसत होती. त्यांनी थाळी किंचित तिरपी केली, ताजं ॲसिटोन घातलं आणि पुन्हा थांबल्या. टिशू स्वतःहून तरंगायला लागला तेव्हा जाळीसकट कागद उचलला, टिशू थाळीतच राहिला. असं तीनदा, कारण विरघळलेला पापुद्रा कागदावर परत बसू नये म्हणून द्रव बदलावा लागतो. शेवटी जो बंद टिपकागदावर आला तो पातळ, मलूल, जागोजागी भोकं पडलेला. पण अक्षर काळंभोर, बोरूचा फटकारा जिथल्या तिथं.

"त्या वेळच्या माणसांनी चूक नाही केली," ताई म्हणाल्या. "त्यांनी निघेल असं लावलं होतं. म्हणून तर आज निघालं."

मला या कामातलं सगळ्यात मोलाचं तत्त्व हेच वाटतं. दुरुस्ती अशी करायची की पुढच्या माणसाला ती सोडवता यावी. आजचं चांगलं साहित्य पन्नास वर्षांनी चांगलं ठरेलच असं धरून चालायचं नाही. रेशमी शिफॉनचा एक काळ होता; शाई वाचता येते म्हणून दोन्ही बाजूंना शिफॉन चिकटवत, आणि काही दशकांत ते रेशीमच जीर्ण होऊन पुन्हा काम निघे. मैद्याच्या खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. ती खळ घट्ट झाली की कागद ताठतो. आता पातळ खळ किंवा सीएमसी नावाची सेल्युलोजचीच लुकण आणि जपानी टिशू वापरतात. हा टिशू कोझो झाडाच्या सालीचा, धरला तर पलीकडचं दिसावं इतका तलम, आणि तंतू मात्र लांब. लुकण पाण्यानं परत मऊ होते. ज्या शाईला पाणी चालत नाही तिथं ती जवळजवळ कोरडी लावायची, टिशूलाच लावून टिपकागदावर टिपून घ्यायची आणि मग कागदावर ठेवायची. ओलावा कागदापर्यंत पोचतो न पोचतो एवढाच.

या बंदाला संपूर्ण पाठ लावायची नाही असं ताईंनी ठरवलं. कारण तो उलटा केल्यावर कळलं. मोडी कागदाची पाठ कोरी नसते. जावकेची नोंद झाल्याचा शेरा असतो, 'सुरू सूद', 'बार सूद' असे. लांब पत्र अनेक बंद एकाखाली एक डकवून केलेलं असेल तर सांध्यावर मागून शिक्का उमटवलेला सापडतो. सांधा सुटला तर अर्धा शिक्का एका तुकड्यावर, अर्धा दुसऱ्यावर, आणि दोन्ही जुळले तरच पत्र अस्सल. पुढची बाजू वाचणारे इतिहासकार पुष्कळ. पाठ पहिल्यांदा पाहतो तो दुरुस्ती करणारा, आणि तीच कायमची झाकून टाकण्याची ताकदही त्याच्याच हातात. इथं सांध्याजवळ अर्धवट, फिकट झालेला शिक्का होता. ताईंनी भोकं तेवढ्याच जाडीच्या हातकागदानं बुजवली. तुकडा कात्रीनं कापला नाही, ओल्या कुंचल्यानं रेघ ओढून फाडला, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि मूळ कागदात मिसळतात. घडीवर टिशूच्या अरुंद पट्ट्या दिल्या. शिक्का उघडा ठेवला.

एक बंद, अख्खा दिवस. पुण्यातल्या पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, हजारोंनी मोजावे लागतात. १८९१ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र दगडी इमारत बांधावी लागली. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं २२ खंड काढले, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले. एवढं होऊनही छापलेला भाग एकूणाच्या मानानं थोडाच. बाकीच्या रोजकीर्दी, ताळेबंद, वतनाचे तंटे, गावोगावच्या झडत्या यांची दुसरी प्रत कुठंही नाही. आता प्रतिमा घेतल्या जातात आणि त्या घ्यायलाच हव्यात. वाचकाचा हात मूळ कागदाला जितका कमी लागेल तितका बरा. पण त्या प्रतिमाही दर काही वर्षांनी नव्या साठवणीत हलवाव्या लागतात, आणि शिक्का दाबताना कागदाला पडलेला खळगा त्यांत नीट उमटत नाही.

म्हणून टेबलावरच्या कामापेक्षा मांडणीवरचं काम मोठं. ते दिसत नाही. घोडे लोखंडी, भिंतीपासून आणि जमिनीपासून वितभर दूर, कारण वाळवी भिंतीनं चढते आणि ओलही. रुमालाचं कापड नवं असेल तर धुऊन त्यातली खळ काढायची. खळ कसरीला आवडते. लाल रुमालाच्या आत बिनरंगी मांजरपाट, म्हणजे ओल लागली तर लाल रंग कागदावर उतरणार नाही. तापमान वीस ते चोवीस अंश, हवेतली आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के असं पुस्तकात असतं. पुण्याच्या जुलैत ते राखणं अवघड, कोकणात आणि मुंबईत त्याहून अवघड. आर्द्रता सत्तरीकडे सरकली की बुरशी धरते. अर्धा दिवस वातानुकूलन चालवून रात्री बंद करणं हे ते मुळीच न लावण्यापेक्षा वाईट, कारण कागद रोज फुगतो आणि रोज आक्रसतो. पैसा नसेल तर हवा खेळती ठेवा, पंखे ठेवा, आणि पावसाळ्याआधी प्रत्येक रुमाल एकदा सोडून पाहा. कसर शांततेत वाढते. वेखंडाची पुरचुंडी, कडुनिंबाचा पाला आपल्या घराघरांत होताच. त्यानं कीड दूर राहते, आत शिरलेली मरत नाही. थायमॉलची धुरी पूर्वी देत; ती माणसाला अपायकारक म्हणून मागं पडली. आता कीड लागलेला गठ्ठा पिशवीत बंद करून आठवडाभर उणे वीस अंशांच्या खाली गोठवतात.

घरोघरच्या कागदांबद्दल मला काळजी वाटते. इनामाची सनद, वतनाचा महजर, पणजोबांची पत्रं अजून कितीतरी वाड्यांच्या माळ्यावर आहेत. लोक त्यांना जपतात, दसऱ्याला पूजतात. हळदकुंकू कागदावर वाहू नका, शेजारच्या पाटावर वाहा. हळदीचा डाग निघत नाही. चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत तेलकट तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो.

मी खोलीत असतानाच एक वयस्कर गृहस्थ घरची सनद घेऊन आले. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात तिला लॅमिनेट करून घेतलं होतं, ओळखपत्राला करतात तसं. चकचकीत, ताठ. आतमध्ये घडीच्या रेषा पांढऱ्या पडलेल्या. त्यांना आता ते काढून हवं होतं.

ताईंनी ती दिव्यावर धरली, उलटीसुलटी केली. या प्लॅस्टिकचा गोंद उष्णतेनं वितळून तंतूंत शिरलेला असतो. ॲसिटोन त्याला ॲसिटेटसारखं सोडवत नाही, आणि ताकदीची रसायनं वापरली तर प्लॅस्टिकबरोबर अक्षराचा थरही येईल अशी भीती.

"काका, आज मी हिला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीही लावू नका. कडा कापू नका, इस्त्री नको, उन्हात तर मुळीच नको. दोन्ही बाजूंचा चांगला फोटो काढून घेऊ. मग कापडात गुंडाळून कपाटात आडवी ठेवा."

"निघेल का पण कधी?"

"आजच्या घडीला नाही निघत."

गृहस्थ खुर्चीवर बसून राहिले. ताईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि सनदेचं मोडी त्यांना वाचून दाखवायला सुरुवात केली. ते त्यांनी आजवर कधी वाचून घेतलंच नव्हतं.