कंसाचा हिशेब

आमच्या वस्तीत संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. तेथे आठवीची एक मुलगी वही मिटून बसली होती. विचारले तर म्हणाली, "काकाजी, आकड्याचे गणित येते मले. पन अक्षरं अन् कंस आले का काहीच सुचत नाही."

तिची आई धानाच्या रोवणीला जाते. मी म्हटले, वही राहू दे, आईचा हिशेब सांग. समजा, बारा बाया परगावी रोवणीला गेल्या. प्रत्येकीची मजुरी 'म' रुपये आणि गाडीभाडे २० रुपये. मालकाने एकूण किती द्यायचे?

तिने लिहिले: १२(म + २०). अगदी बरोबर. पण कंस सोडवताना लिहिले: १२म + २०. मी विचारले, "गाडीभाडे एकाच बाईला? बाकीच्या अकरा जणी पायी आल्या काय?" पोरगी हसली आणि तिने स्वतःच दुरुस्त केले: १२म + २४०. एका चुकीने २२० रुपये बुडाले असते.

'कंचेभागुबेव' शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. आधी कंस सोडवा. पण कंसात म + २० असेल तर त्याची बेरीज होत नाही, कारण अक्षर आणि सुटा आकडा या दोन जाती आहेत. म्हणून बाहेरच्या संख्येने आतल्या प्रत्येक पदाला गुणायचे. यालाच विस्तार म्हणतात.

दुसरी अडचण उण्याची. आईची मजुरी १५०० रुपये झाली. तिने ४०० रुपये उचल घेतली होती, त्यातले १५० परत केले. आता हातात किती यावेत? १५०० − (४०० − १५०). बाकी उचल २५०, म्हणून १२५० मिळायला हवेत. पण कंस घाईने पुसून १५०० − ४०० − १५० लिहिले तर ९५० येतात. म्हणजे परत केलेले पैसे पुन्हा कापले गेले. ३०० रुपयांचे नुकसान! म्हणून कंसाबाहेर उणे असेल तर आतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते: १५०० − ४०० + १५०.

हा विचार आपल्याच देशात फार जुना आहे. ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे संपत्ती. ऋणाला ऋणाने गुणले तर धन येते, हा नियम ब्रह्मगुप्ताने सन ६२८ मध्ये लिहिला. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथ रचला. अज्ञात राशींना त्यांनी काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील सन १२०७ च्या शिलालेखात आहे. तेव्हा ही विद्या मठात होती. आज ती आपल्या पोरांच्या दप्तरात आहे. ती तेथेच पडून राहू नये.

आता दोन्ही नियम एकत्र पाहू. ४(म + ५) − २(म − ३). पहिला कंस: ४म + २०. दुसरा: −२म + ६, कारण उणे दोन गुणिले उणे तीन बरोबर अधिक सहा. मग सारख्या जातीची पदे एकत्र करा: ४म − २म = २म आणि २० + ६ = २६. उत्तर २म + २६.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे कोणाला विचारायची गरज नाही. म च्या जागी १० ठेवा. मूळ राशी: ४ × १५ − २ × ७ = ४६. उत्तर: २० + २६ = ४६. जुळले! पुष्कळ मुले शेवटी +६ ऐवजी −६ लिहितात आणि २म + १४ आणतात. त्यात १० ठेवले की ३४ येतात आणि चूक लगेच पकडली जाते.

पालकहो, आपण शाळा शिकलो नसलो तरी मुलांना जवळ बसवून मजुरीचा, उचलीचा हिशेब त्यांच्याकडून करवून घ्या. कंस म्हणजे काय, हे त्यांना त्यातूनच कळेल. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी आईची हजेरीची वही वर्गात आणली आणि सगळा हिशेब फळ्यावर मांडला. तिची आई मागे दाराशी उभी राहून ऐकत होती.